सूत्र आणि प्रकरण : बायबल गोष्ट म्हणून वाचताना



पत्रिकेत आजचा विषय जरा जड छापला गेलाय. ‘बायबलच्या धर्मशास्त्रीय अर्थनिर्णयात कथनाचे स्थान.’ वाचून दोघातिघांनी मला फोन केला, सर, हे आम्हाला झेपेल का? म्हटलं, या तर खरं. तीन शब्दांच्या एका प्रश्नावर मी तो आणून ठेवणार आहे. तो प्रश्न माझा नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला कापूस आठवतो, नाहीतर आत्महत्या. इथे एकेकाळी देशभरातून मुलं बायबल शिकायला येत, हे आता आपल्यालाही फारसं आठवत नाही. फ्री मेथडिस्ट मिशनचं काम या भागात जुनं. उमरीचं मिशन हॉस्पिटल तुम्हाला ठाऊकच आहे. त्या मिशनच्या इथल्या बायबल शाळेतून पुढे, अनेक मिशननी एकत्र येऊन, १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. तीस वर्षं ती यवतमाळात होती. १९८३ साली पुण्याला गेली, आजही तिथे आहे.

१९७४ च्या सुमारास मी इथे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागलो. मी ख्रिस्ती नाही. पण पुस्तकांच्या ओढीनं सेमिनरीत जात असे, आणि तिथली माणसं मला बसू देत. माझ्या डोक्यात तेव्हा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याची पक्की समजूत होती, की धर्मग्रंथात गोष्टी असतात त्या सामान्य माणसासाठी आणि सिद्धांत असतो तो आपल्यासाठी. गोष्ट म्हणजे शेंगेचं टरफल. फोडायचं, दाणा काढून घ्यायचा, टरफल टाकून द्यायचं. ही समजूत माझी एकट्याची नव्हती. स्पिनोझानं १६७० च्या ग्रंथात साधारण हेच मांडलंय. शास्त्रातल्या कथा लोकांना आज्ञापालनाकडे वळवण्यासाठी, सत्याचा शोध घ्यायचा तो बुद्धीनं. मला ते फार पटलेलं होतं.

आता त्या बाईंचा प्रश्न. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला जिल्हा होता. त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझ्या एका सहकाऱ्याच्या नात्यातला एक कास्तकार गेला. कसा गेला ते सांगायला नको. ख्रिस्ती कुटुंब, छोटं गाव, पाच एकर कोरडवाहू वावर. सांत्वनाच्या प्रार्थनेला मीही गेलो होतो. तिथे एका गृहस्थानं बायबलमधलं एक वचन वाचलं. त्याचा भाव असा, की जे अधर्माची नांगरणी करतात आणि दुःख पेरतात, ते त्याचंच पीक काढतात. वाचणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्याचं घर, म्हणून नांगरणी-पेरणीचं वचन त्यानं निवडलं असेल. पण घरात जी शांतता पसरली ती मी विसरलो नाही.

त्या माउलीनं मान वर केली आणि एवढंच विचारलं, “हे म्हटलं कोनं?”

वाचणारा म्हणाला, “देवाचं वचन आहे, बाई.”

मी घरी आलो आणि ते वचन शोधलं. ईयोबाचं पुस्तक, चौथा अध्याय. ते देव बोलत नाही, ईयोबही बोलत नाही. ते बोलतो ईयोबाचा मित्र अलीफज.

आता ईयोबाची गोष्ट थोडक्यात. ईयोब भला माणूस. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात लेखक ते सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला शंकेला जागा नाही. त्याची गुरंढोरं जातात, मुलं जातात, अंगभर फोड येतात. तीन मित्र येतात : अलीफज, बिल्दद आणि सोफर. सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तिथवर त्यांचं सगळं बरोबर आहे. मग ते बोलायला लागतात. प्रत्येकाजवळ एक सूत्र तयार आहे, आणि ते एकच आहे : दुःख आलं म्हणजे पाप असलंच पाहिजे. बेचाळीस अध्यायांच्या पुस्तकात हा वाद तीसेक अध्याय चालतो. मित्रांची भाषा सुंदर आहे, वचनं पाठ करावीत अशी आहेत. आणि शेवटच्या अध्यायात देव अलीफजाला सांगतो, मी तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर रागावलोय. ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तुम्ही नाही.

म्हणजे बघा, ते वचन बायबलमध्ये आहे, अक्षर न् अक्षर आहे. पण ते ज्या गोष्टीत आहे, ती गोष्टच त्या माणसाला चूक ठरवते. वचन तेवढं उचललं की अर्थ उलटा होतो. टरफल फेकून दाणा घेतला असं आपल्याला वाटतं, आणि हातात येतं ते भलतंच काही.

माझी जुनी समजूत त्या दिवशी मोडली. पण हा प्रश्न आपल्या मातीत नवा नाही, हे कळायला मला आणखी काही वर्षं लागली.

इथून अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर काही दूर नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी तिथे चक्रधरस्वामींच्या लीळा जमा केल्या. म्हाइंभट घरात बसून लिहीत नव्हते. ज्यानं पाहिलं, ज्यानं ऐकलं, त्याच्यापर्यंत ते जात, विचारून घेत, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेत. शुभवर्तमान लिहिणारा लूकही आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला असंच सांगतो : ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं त्यांच्याकडून आलेलं, सगळं नीट शोधून, क्रमानं लिहितोय. दोघांचा काही संबंध नाही. पण दोघांनाही गुरूविषयी सांगायचं होतं, आणि दोघांनीही सिद्धांताचा ग्रंथ न लिहिता प्रसंग लिहिले.

पुढे काय झालं? केसोबासांनी लीळाचरित्रातली स्वामींची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. दृष्टांतपाठही त्यांचाच, त्यात एकशे चौदा दृष्टांत. सूत्रपाठ फार मोठं काम आहे. पण वचनं प्रसंगातून बाहेर आली आणि अडचण उभी राहिली. हे कोणाला म्हटलं? रागावून म्हटलं की समजावून? सर्वांसाठी म्हटलं की त्या एकासाठी? मग पंथातल्या जाणत्यांनी ‘प्रकरणवश’ तयार केलं, म्हणजे अमुक सूत्र अमुक प्रसंगी, अमुक माणसाला उद्देशून, अशी नोंद. आधी सूत्र प्रकरणातून काढलं आणि पुन्हा प्रकरणाला बांधलं! मला हा भारतीय अर्थनिर्णयशास्त्रातला एक मोठा क्षण वाटतो, आणि तो वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर, मराठीत घडला. त्या माउलीनं जे विचारलं, ‘हे म्हटलं कोनं’, ते प्रकरणवशच मागणं होतं.

आणखी एक सांगतो. लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत गेली आणि लीळा आठवणीतून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. आठवणी जुळेनात. तेव्हा त्यांनी एकच खरी ठरवून बाकीच्या पुसल्या नाहीत. ‘वासना’ म्हणून पाठभेद नोंदवून ठेवले, हिराइसांचं असं, अमक्याचं तसं. ख्रिस्ती परंपरेतही हा प्रसंग आला होता. दुसऱ्या शतकात तातियाननं चार शुभवर्तमानांचं मिळून एकच सलग पुस्तक केलं. सिरियाक भाषेतल्या मंडळ्यांनी ते बराच काळ वापरलंही. पण शेवटी चर्चनं चारही वेगवेगळी ठेवली, विसंगतीसकट. सिद्धांत एक करता येतो, साक्षी एक करता येत नाहीत, एवढं शहाणपण त्यात आहे.

आता मराठीत बायबल आलं कसं ते बघू. आपण म्हणतो, मिशनऱ्यांनी आणलं, श्रीरामपूरच्या छापखान्यातून, कॅरीनं १८११ मध्ये नवा करार छापला. बरोबर. पण भाषांतर यायच्या दोनशे वर्षं आधी मराठीत बायबल आलं ते पुराण म्हणून. फादर थॉमस स्टीफन्स, जन्मानं इंग्रज, जेझुइट. १५७९ साली गोव्यात उतरले. १६१६ साली रायतूरला त्यांचं ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. पैलें पुराण छत्तीस अवस्वरांचं, दुसरें एकोणसाठ अवस्वरांचं. सतराव्या शतकातली छापील प्रत आज एकही उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूरला सालढाणांनी ते पुन्हा छापलं, आणि १९५६ साली शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती निघाली.

ग्रंथ सुरू होतो तो प्रसंग लक्षात घ्या. साष्टीतला नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात वेदना आहे. राजसत्तेच्या जोरावर लोकांच्या पोथ्या काढून घेतल्या होत्या, हे आपण झाकू नये. प्रश्नोत्तरांतून धर्माची तत्त्वं शिकवणारी पुस्तकं त्या लोकांना मिळत होतीच. स्टीफन्सनी स्वतःही तसं एक लिहिलं होतं. पण लोक म्हणतात, तत्त्वं ठीक, पुराण कुठाय? म्हणजे माणूस देवाला ओळखतो तो व्याख्येनं नव्हे. त्यानं काय केलं, कोणासाठी केलं, या सांगण्यातून ओळखतो. स्टीफन्सना हे कळलं. त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली, मध्ये श्रोत्यांना प्रश्न विचारू दिले, आणि सिद्धांत सांगितला तो त्या उत्तरांमध्ये. ओवीत तो ऐकताना लोकांना गुरू आणि श्रोता यांचं आपलं जुनं नातं सापडलं असणार.

याच्या नेमका उलटा प्रयोग बंगालात झाला. १८२० मध्ये राममोहन रॉय यांनी शुभवर्तमानांतून येशूचे उपदेश निवडून वेगळं पुस्तक काढलं. दाखले ठेवले, नीती ठेवली. चमत्कार आणि चरित्राचा भाग वगळला. त्यांचं म्हणणं असं, की वाद होतात ते या भागावरून, नीतीवर कोणाचा वाद नाही. श्रीरामपूरचे मार्शमन खवळले. त्यांच्या दृष्टीनं प्रायश्चित्ताचा सिद्धांतच गळला होता. वाद काही वर्षं चालला. आज दोन्ही बाजू वाचल्या की मला गंमत वाटते. एक म्हणतो सार नीती आहे, दुसरा म्हणतो सार सिद्धांत आहे. दोघेही सार काढायलाच निघालेत. गोष्ट दोघांनाही पोहोचवणाऱ्या गाडीसारखी वाटते. माल उतरवला की गाडीचं काम संपलं.

१९७४ मध्ये, मी इथे लागलो त्याच सुमारास, अमेरिकेत येल विद्यापीठातल्या हान्स फ्राय यांनी याच दुखण्यावर बोट ठेवणारं पुस्तक लिहिलं. बायबलमधल्या कथनाला लागलेलं ग्रहण, असं त्याच्या नावाचं मराठी करता येईल. त्यांचं म्हणणं, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या पंडितांनी बायबलला दोनच प्रश्न विचारले. एक, हे खरंच घडलं का? दोन, यातून बोध काय? पहिल्या प्रश्नात गोष्ट पुरावा होते, दुसऱ्यात उदाहरण. गोष्ट स्वतः काय म्हणते, तिच्यातली माणसं कशी घडत जातात, हे बघायचं राहूनच गेलं. येशू कोण, याचं उत्तर त्याच्या गोष्टीतच आहे, तिच्या मागे किंवा पलीकडे नाही, असा फ्राय यांचा आग्रह होता.

इथे कोणी मला अडवील, आणि अडवावं. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं बायबल दिलं, आणि ते खिळले कुठे? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनापाशी. म्हणजे वचनांपाशीच. मग तुमच्या गोष्टीचं काय? मला हा आक्षेप मान्य आहे. वचन माणसाला धरतं, यात शंका नाही. पण १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक पुढे आयुष्याचं मोठं काम म्हणून काय हाती घेतात? ख्रिस्तायन, म्हणजे चरित्रकाव्य! १९१९ मध्ये ते गेले तेव्हा थोडेच अध्याय झाले होते. उरलेलं बहुतेक सगळं लक्ष्मीबाईंनी रचलं आणि १९३८ मध्ये, त्याही गेल्यावर, ते छापून निघालं. वचनानं धरलं खरं, पण ज्यानं ते म्हटलं त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

बायबलच्या आत बघा. दहा आज्ञा म्हणजे तर शुद्ध नियम. पण त्यांची सुरुवात ‘असं करू नका’नं होत नाही. तुम्हाला मिसर देशाच्या दास्यातून ज्यानं बाहेर काढलं तो मी, अशी आधी गोष्टीची आठवण, मग नियम. दावीद राजा उरीयाची बायको घेतो आणि उरीयाला मारवतो. नाथान संदेष्टा त्याला ‘व्यभिचार करू नये’ असं सूत्र ऐकवत नाही. एका श्रीमंतानं गरिबाची एकुलती एक मेंढी कशी घेतली, ही गोष्ट सांगतो. राजा संतापतो, शिक्षा फर्मावतो, आणि मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. सूत्राशी राजानं वाद घातला असता. गोष्टीत तो स्वतःच न्यायाधीश झाला आणि सापडला.

पण मंडळी, गोष्ट म्हणजे सगळं गोड असं समजू नका. हा इशारा दिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातले अरविंद निर्मळ यांनी दलित धर्मशास्त्राची मांडणी केली. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणूस पहिलं पीक अर्पण करताना आपल्या भटक्या पूर्वजापासूनची कहाणी म्हणतो. निर्मळांनी तिचा आधार घेतला. आपली श्रद्धा सांगायची तर आधी आपल्या बापजाद्यांवर काय गुदरलं ते सांगा, असा त्याचा अर्थ. फार मोलाचं काम आहे ते.

मात्र हीच कहाणी पुढे कनान देशात जाते, आणि कनान रिकामा नव्हता. १९८९ मध्ये रॉबर्ट ॲलन वॉरियर या अमेरिकी आदिवासी लेखकानं विचारलं, ही गोष्ट आम्ही वाचतो तेव्हा आम्ही कोण? सुटून आलेले इस्राएली, की हुसकावले गेलेले कनानी? आपल्या केळापूर, झरीकडचा कोलाम, गोंड ती गोष्ट ऐकेल तेव्हा तो कुठे उभा असेल? ‘देवानं तुम्हाला देश दिला’ हे वाक्य त्याच्या कानावर कसं पडेल? गोष्टीला नुसतं शरण जाऊन भागत नाही. कोण सांगतंय, कोण गप्प आहे, हे गोष्टीलाही विचारावं लागतं.

याला उत्तर आहे का? पुरतं नाही. पण बायबल स्वतःशी भांडतं, ही मला आशेची जागा वाटते. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात नियम आहे, मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, दहाव्या पिढीपर्यंत नाही. आणि मग चार अध्यायांचं एक लहानसं पुस्तक येतं, रूथचं. रूथ कोण? मवाबी. तीही विधवा, सासूबरोबर परमुलखात आलेली, कापणीनंतर लोकांच्या शेतात सरवा वेचून पोट भरणारी. ते पुस्तक नियमाविरुद्ध एक अक्षर बोलत नाही. फक्त शेवटी वंशावळ सांगतं, रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. म्हणजे राजा दावीदची पणजी मवाबी. नियम जागच्या जागी आहे, आणि गोष्टीनं त्याच्या शेजारी सरवा वेचणारी बाई आणून उभी केली आहे. आता दोन्ही वाचा आणि ठरवा. धर्मशास्त्र म्हणतात ते मला इथे घडताना दिसतं.

शेवटाकडे येतो. महिनाभरानं मी त्या माउलीकडे गेलो. ईयोबाची गोष्ट सांगितली. म्हटलं, वहिनी, ते वचन अलीफजाचं आहे आणि शेवटी देव त्याला चूक ठरवतो. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मंग सर, पुढचं काऊन नाही वाचत हे लोक?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “त्याची लेकरं परत आली का?” मी म्हटलं, नवी झाली, सात मुलगे, तीन मुली. त्या म्हणाल्या, “म्हंजे पयली नाही आली.”

नाही आली. पुस्तकात गुरंढोरं दुप्पट होतात, मुलं मात्र होती तेवढीच, आणि तीही दुसरी. मी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस, ते पुस्तक अनेकदा वाचलेला, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सिद्धांत शोधणाऱ्याला ‘शेवटी सगळं परत मिळालं’ एवढंच दिसतं. ज्याचं माणूस गेलंय, तो गोष्ट ऐकतो आणि मोजतो.

म्हणून माझी एवढीच विनंती. कुठलाही ग्रंथ असो, गीता असो, कुराण असो, बायबल असो की सूत्रपाठ, कोणी त्यातलं वाक्य काढून तुमच्यासमोर ठेवलं, विशेषतः दुःखाच्या घरात, तर दोन प्रश्न विचारल्याशिवाय मान हलवू नका. हे म्हटलं कोणी? आणि पुढे काय झालं?

पहिला प्रश्न मला त्या माउलीनं शिकवला, दुसराही तिनंच.